चंपाचा दाखला

शालू, नव्या शाळेत कुणी बोलत नाही म्हणून दोन दिवस धड जेवली नाहीस तू. कॉलेजच्या तोंडावर शाळा बदलली म्हणजे आभाळच कोसळलं, नाही का? लाईट गेलीच आहे, तर बस अशी जवळ. तो कंदील जरा मोठा कर आणि ऐक.

एकोणसत्तर साल. एके दिवशी मी शाळेच्या ऑफिसात गेले होते, माझा शाळा सोडल्याचा दाखला टपालानं आला का ते विचारायला. रोजच जायचे. भाईंदरची आमची शाळा म्हणजे चार कौलारू खोल्या आणि मागे मिठागरं. कारकून होते दाजी. चष्म्यावरून बघत म्हणाले, "नाही गं बाई. शनिवारपर्यंत आला नाही तर एस.एस.सी.चा फॉर्म जाणार नाही. मग कॉलेज विसर."

सगळा घोळ आमच्या बाबांचा. गणपतीत माझी आई वारली, गावी, रत्नागिरीकडे. बाबा इथे कारखान्यात कामाला. ते आले, दिवसकार्य केलं, मला बरोबर न्यायचं ठरलं. पण सुतकात शाळेची पायरी कशी चढायची? आत सरस्वतीची तसबीर! सुतक फिटलं तो नेमका रविवार, शाळा बंद. सोमवारी त्यांना कामावर हजर व्हायचं होतं. राहिला दाखला तिकडेच. पत्रांवर पत्रं टाकली, उत्तर नाही. अकरावीचं वर्ष, आई नाही, आणि मी ना त्या शाळेची ना या शाळेची. उशीत तोंड खुपसून रडायचे.

दाखल्याशिवाय नाव पक्कं होत नाही. म्हणून हजेरीत माझं नाव सगळ्यात शेवटी, पेन्सिलीनं लिहिलेलं. नंबर बत्तीस. एकतीसला सर नुसते थांबायचे. नाव घ्यायचे नाहीत, खाली बघायचे, मग बत्तीस. आणि त्या थांबण्यात माझ्या शेजारून कुणीतरी हळूच म्हणायचं, "हजर..."

शेजारी एक मुलगी बसायची. मागचा बाक, आम्ही दोघीच. परकराचा घेर कायम ओला, अंगाला मिठागराचा उग्र, कुबट वास. वर्गात एक शब्द बोलायची नाही. डबा खाताना तेवढं विचारायची, "तुजा आला?"

"नाही."

"माजा बी न्हाय."

बस, एवढंच. पण खरं सांगते, अख्ख्या शाळेत माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती. मला लळा लागला होता तिचा.

शुक्रवारी दिवेलागणीला जादा तास सुटला. बाकीच्या मुली भराभर गेल्या. मी दप्तर भरत होते, तर तिनं माझं मनगट धरलं. काय गार हात होता गं तो!

"उद्याचा शेवटचा दिस," ती म्हणाली. "न्हाय आला तर बरंच. मना सोबत व्हईल... आपुन दोघी... हितंच."

कसाबसा हात सोडवला आणि ऑफिसात पळाले. "दाजी, तिचाही दाखला यायचाय... माझ्या बाकावरच्या मुलीचा."

"तुझ्या बाकावर कुणी बसत नाही, मंजुळा." दाजी म्हणाले. त्यांनी कपाटातून अर्धवट भरलेला एक दाखला काढला. वर नाव होतं, चंपा धर्माजी. "हजेरीतली एकतीस नंबर हीच. गेल्या शिमग्यात तापानं गेली. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. बाप मिठागरावर असतो. नाव कमी करायला त्याचा अंगठा लागतो, तो देत नाही. म्हणतो, कारणाच्या रकान्यात पोर मेली असं लिहू देणार न्हाय. मग मलाही रेघ मारवेना बघ."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळीच मिठागरावर गेले. तिचा बाप, धर्माजी, बांध लिंपत होता. म्हटलं, "काका, चंपा अजून बाकावर बसलीय. तिला जाऊ द्या." वेडी म्हणेल, अंगावर येईल, असं वाटलं होतं. तो चिखलात मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. "कालेजात जायाची व्हती ती," एवढंच म्हणत राहिला.

तसाच चिखलाच्या पायांनी शाळेत आला. दाजींनी विचारलं, "कारण काय लिहू?"

"कालेजात जाते म्हून लिवा."

दाजींनी चष्मा काढून पुसला. आयुष्यात खोटी नोंद न करणारा माणूस तो. त्यांनी लिहिलं, पुढील शिक्षणासाठी. धर्माजीनं अंगठा उठवला, कागद घडी करून कनवटीला लावला आणि गेला.

दुपारच्या टपालानं माझा दाखला आला. कसा, ते मला विचारू नकोस. सोमवारी बाकावर मी एकटीच होते. सुटले म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण डबा न उघडताच घरी नेला.

पास झाले. मुंबईच्या कॉलेजात नाव घातलं. ऐंशी मुलं वर्गात, फाडफाड इंग्रजी बोलणारी. माझ्या बाजूची जागा कायम रिकामी. गावंढळ मुलीजवळ कोण बसणार, असं मी मनाला समजावलं.

दिवाळीच्या सुट्टीत धर्माजी दारात उभा. हातात अंतर्देशीय पत्र, आणि चेहरा असा फुललेला की बघवेना. "पोष्टमननं दिलं. मना वाचाया येत न्हाय. तू वाच."

मी उघडलं. दोनच ओळी होत्या. मोठ्यानं वाचलं, "बा, मी खुशाल आहे. अभ्यास चांगला चाललाय. काळजी करू नकोस." त्यानं कागद कपाळाला लावला आणि डोळे पुसत गेला.

तसं काही त्यात नव्हतं, शालू. लिहिलं होतं, "बा, इथं मला कुणी ओळखत नाही. मंजुळा रोज माझ्या शेजारीच बसते... पण आता बोलत नाही."