नळीवरचं नाव

मी नवऱ्याला 'अरे अद्वैत' अशी हाक मारते. सासरे विष्णुपंत ती ऐकली की अजूनही पेपरात तोंड खुपसतात. नावाचं एवढं काय, असं मला तेव्हा वाटायचं.

२००३ साली मी हिंगोलीच्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टर होते. स्कॅन करायचा तर पेशंटला नांदेडला न्यावं लागे. मेंदूच्या पेशी मरू लागल्या की एक प्रथिन रक्तात उतरतं. ते मोजून लकवा ओळखता येतो का, हे तपासायच्या कामात आमचाही दवाखाना होता. पेशंटचं रक्त घ्यायचं, तुलनेला एका धडधाकट नातेवाइकाचं, आणि दोन्ही नळ्या बर्फाच्या डब्यातून नांदेडच्या लॅबला धाडायच्या.

थावरा नावाचा एक माणूस जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात कोसळला. कापसाचे दिवस होते. तांड्यावरच्या लोकांनी जीपमधून आणला तेव्हा उजवं अंग लुळं होतं, वाचा गेलेली. डावा हात तेवढा सारखा मिशीवर जायचा आणि पीळ देऊन खाली यायचा. बायको रूपाबाई पायाशी उभी होती. द्वारकाबाई सिस्टरनी दोघांचं रक्त घेतलं आणि त्याची नळी हातात धरून पेन काढलं.

"नाव सांगा."

रूपाबाईनं पदर पुढं ओढला, मान खाली घातली. "पुजाचे बाप."

"अवो, त्यायला नाव असंल का न्हाई?"

"कसं घेऊ, बाई?"

मागे रांग लागलेली. द्वारकाबाई वैतागल्या. "बरं, तुमचं तरी सांगा!"

"रूपाबाई."

त्यांनी घाईत तेच त्या नळीवर लिहून टाकलं. मागून कुणीतरी थावराचं नाव ओरडून सांगितलं, ते उरलेल्या नळीवर गेलं.

निकाल आला. रूपाबाईच्या नावाच्या नळीत प्रथिन भरमसाट, थावराच्या नावाच्या नळीत जवळजवळ नाहीच. मी द्वारकाबाईंना फैलावर घेतलं आणि मग मलाच हसू आलं. रूपाबाईला सांगितलं, की नावांची अदलाबदल झाली होती, आता नीट करून टाकते.

ती हसली नाही. तिनं माझं मनगट धरलं.

"खराब रगत माझ्या नावावर हाये ना?"

"चुकून आलंय ते."

"मंग राहू द्या. पुसू नका, बाई. त्यायनं एकदा मला हाक मारावी, दुसरं काही मागत न्हाई मी."

असल्या बोलण्याची मला चीड येते, ती तेव्हाही आली. मी नावं दुरुस्त केली. खात्रीसाठी दोघांचं रक्त पुन्हा घेतलं, या वेळी स्वतःच्या हातानं, आणि सुई दंडात असतानाच नळीवर नाव घातलं.

पुन्हा तेच. थावराच्या रक्तात काही नाही, रूपाबाईच्या रक्तात भरमसाट.

मधे दिवस गेले होते, त्यामुळे थावराच्या रक्तातलं कमी झालं असेल, हे पटण्यासारखं होतं. रूपाबाईच्या रक्तात ते आलं कुठून? लॅबला फोन केला. मशीन ठीक होतं. रूपाबाईला तपासलं. दोन्ही हातांत सारखा जोर, बोलणं स्वच्छ, बीपी माझ्यापेक्षा चांगलं. नांदेडला चला म्हटलं, तर तिचं एकच.

"ते बोलले की जाऊ."

मला भीती वाटू लागली होती. कशाची, ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी थावराची उजवी बोटं हलली. त्याला पाणी पाजताना रूपाबाईच्या हातातून पेला सुटला. तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. हसताना तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

दुपारी थावरा पाय उचलत होता. रूपाबाई बायकांच्या वॉर्डात होती. उजवं अंग लुळं, वाचा बंद. नांदेडला न्यायला मी जीप बोलावली आणि तिच्याजवळ बसून राहिले.

तिचा डावा हात उठला, ओठांवर गेला. लाळ आली असेल म्हणून मी तोंड पुसलं. हात पुन्हा वर गेला. वरच्या ओठावरची कातडी तिनं चिमटीत धरली, पीळ दिला आणि सोडली.

द्वारकाबाई धावत आल्या. "म्याडम, ते बोलून राहिले!"

मला खरोखर आनंद झाला. जीप यायच्या आत त्याला इथं आणायचं, हाक मारायला लावायची. तिला ऐकू तरी जाईल.

थावरा उठून बसला होता. नजर स्वच्छ होती. वाचा परत आली की आम्ही आधी नावच विचारतो.

"तुमचं नाव काय?"

"पुजाचे बाप."

"तसं नाही. नाव सांगा."

त्यानं उजव्या हातानं चादरीचं टोक उचललं, डोक्यावरून पुढं ओढलं आणि मान खाली घातली.

"कसं घेऊ, बाई?"