हवा नसलेल्या पेटीत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे खरं आहे, आणि मी स्वतः तिथे होते. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून मी कुणालाच घाबरत नाही. भुतांना तर नाहीच... असं मला वाटायचं.

गेल्या महिन्यातला रविवार. रात्र वगैरे नाही, भर दुपार. कारखाना बंद. आत फक्त मामा आणि मी.

मामा हेल्मेटच्या प्लॅस्टिकच्या काचांवर प्लाझ्मा करतो. प्लॅस्टिक महाहट्टी, त्यावर कुठलाच लेप धरत नाही. म्हणून काचा लोखंडी पेटीत ठेवायच्या, पंपाने हवा खेचायची आणि आत विजेने जांभळा उजेड पेटवायचा, तोच प्लाझ्मा. मग त्याच काचेवर पाण्याचे थेंब होत नाहीत, पाणी सपाट पसरतं. पण नंतर उघडा हात लागला की तेवढी जागा वाया.

आणि रोज काचा वाया जात होत्या. साहेबांनी मामाला बजावलं होतं, "सोमवारी माल स्वच्छ नसेल तर येऊच नकोस."

पहिली बॅच निघाली. मामाने एका काचेवर पाणी फवारलं. पाणी छान पसरलं...

आणि मधल्या एका जागेवरून मागे सरकलं. तिथे कोरडा ठसा उरला.

पंजा. इवलासा.

"हात लावलास ना, भवानी?"

"हातमोजे घातलेत की! आणि माझा पंजा बघ केवढा आहे!"

"आधीचा डाग आत जळून जातो," मामा पुटपुटला. "हा नंतरचा आहे..."

दुसरी बॅच. पंप घरघरला. पेटीला छोटी खिडकी आहे, तिला मी डोळा लावला.

खिडकी आतून धुरकट झाली...

मग साफ झाली. मग पुन्हा धुरकट. कुणी श्वास घ्यावा तशी.

"मामा, आत हवा आहे का रे?"

"वेडी आहेस का? काढली ना सगळी!"

"मग ही वाफ कुणाची?"

मामाने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग पंप बंद केला. हवा सुस्कारत आत शिरली. त्याने दार उघडलं.

आत नुसत्या काचा.

मला वाटलं, आता आम्ही पळणार. पण मामा खाली बसला, आणि माझ्या छोट्या मामेभावाला झोपेतून उठवतो ना, त्या आवाजात म्हणाला, "ये बाळा, बाहेर ये. मला एवढा माल देऊ दे."

माझ्या कोपराला घासून काहीतरी थंडगार गेलं...

तिसरी बॅच एकदम स्वच्छ. मामाची नोकरी वाचली.

निघताना मी स्कूटरवर मामाला खेटून बसायला गेले.

"जरा मागे सरक," तो हळूच म्हणाला. "मधे जागा ठेव."

मी ठेवली.

हल्ली मी क्लासला चालत जाते. कधी मामा मागून येतो, स्कूटर थांबवतो, "बस गं" म्हणतो. मागची सीट रिकामी असते. तरी तो आधी हात मागे नेतो... आणि कुणाला तरी अलगद पुढे ओढून घेतो.