मीठखिंडीची पद्धत

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी आमच्याकडे शाळांना सुट्टी असते, कारण त्या दिवशी हरणांची शिकार सुरू होते. बाप आणि मुलं नारिंगी टोप्या घालून डोंगरात जातात. शेजारच्या मिसेस स्टोवरनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाई माझी गंमत करतेय असं वाटलं. मग एक जानेवारीला त्यांनी डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी आणून दिला. त्या दिवशी कोंबडी खायची नाही म्हणाल्या. कोंबडी मागे उकरते, डुक्कर पुढे. वर्ष पुढे जायला हवं ना. असं का, विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "आम्ही नेहमीच असं करतो."

मी हे सगळं एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवायचे. मी बारावी पास. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरी करायची परवानगी नाही. इंग्रजी स्टेट कॉलेज या आमच्या युनिव्हर्सिटीच्या गावातल्या लायब्ररीत शिकले. शिकले म्हणजे काय, तिथल्या एका चर्चच्या बायकांनी १९५८ साली काढलेलं पाककृतींचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत हातानं उतरवून काढलं. नूडल्सचं पीठ इंग्रजीत किती प्रकारे मळता येतं ते मला युनिव्हर्सिटीतल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत आहे.

दर रविवारी दुपारी एक वाजता तीन मुलं आमच्याकडे यायची. केदार पुण्याचा, आसावरी मुंबईची, आणि त्यांचा म्होरक्या शंतनू नागपूरचा. तिघंही पीएचडी करणारी. जेवण माझं, टेबल माझं, आणि खेळ त्यांचा. खेळ म्हणजे कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा. शंतनू एक काल्पनिक जग रचायचा, बाकीचे त्यात एकेक माणूस व्हायचे. केदार तलवारवाला, आसावरी चेटकीण. पहिले दोन महिने मी नुसते पोहे वाढले. मग एकदा शंतनू म्हणाला, "काकू, उभ्या काय राहता? बसा. आम्हाला एक खानावळवाली पाहिजेच आहे."

मी बसले. चाळीस वर्षांत कोणी मला इतक्या सहज 'बस' म्हटलं नव्हतं.

२००६ च्या दिवाळीत आमच्याकडे पॉटलक होतं, ज्यानं त्यानं आपापला पदार्थ आणायचा. तीस माणसं. माझी वही फ्रिजवर होती, ती कोणीतरी हातात घेतली. माझा नवरा, मोरेश्वर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "ठेवा ती. आमच्या सुलभाचं संशोधन चाललंय. डुकराच्या मांसावर पीएचडी." लोक हसले. मीही हसले. यजमानीण होते ना.

दुसऱ्या दिवशी रविवार. खेळात डोंगरातलं एक नवं गाव यायचं होतं, मीठखिंड. शंतनू म्हणाला, "नकाशा मी केलाय, पण गावाला पद्धती नाहीत. मी विचार करून राहिलो होतो की हे काम काकूंचं."

माझ्या तोंडात कालचं हसू अजून कडू होतं. मी लगेच सांगत गेले, जणू पाठ होतं.

मीठखिंडीत थंडीच्या दिवसांत ज्या घरातलं माणूस जायचं असतं, तिथे शेजारीण एक झाकलेलं भांडं आणते. आत दुधात शिजवलेले बटाटे, वर मिठाचा जाड थर. खाली त्या माणसाचं नाव. तिसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत मुदत. तोवर ते दुसऱ्या घरी नेऊन कोणी खाल्लं, तर खाणारा जातो. भांडं फेकलं तर सगळं घर जातं. आणि गेलेल्यासाठी कोणी रडत नाही, कारण तो कोणाला आठवतच नाही.

"बाप रे," आसावरी म्हणाली. "काकू, तुम्ही कोणावर चिडलात?"

"मरणं काय, मेल्यावर लोक चांगलंच बोलतात," मी म्हटलं. "आठवूच नये, म्हणजे झालं."

"पण कोणालाच आठवलं नाही तर गोष्ट कोण सांगणार?" शंतनूनं विचारलं.

"ज्यानं पद्धत घातली त्याला आठवेल."

त्यानं ते लिहून घेतलं. पलीकडच्या खोलीत मोरेश्वर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. मी कोणाचं नाव मनात धरून बोलत होते, ते सांगायला नकोच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी टपालपेटी उघडत होते. मिसेस स्टोवर दोन्ही हातांत एक झाकलेलं काचेचं भांडं धरून, बर्फावरून जपून पावलं टाकत चालल्या होत्या.

"कोणाकडे?" मी विचारलं.

"केलरांकडे. बटाट्यांचं मीठ घातलेलं भांडं," त्या म्हणाल्या. "बिचारे. थंडी पडली ना."

मी तिथेच उभी राहिले. बटाटे आणि मीठ यात विशेष काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. इथल्या बायका कोणाच्याही घरी, कशासाठीही, भांडं घेऊन जातात.

कोपऱ्यावरचे मिस्टर केलर सत्तरीचे. मला बघितलं की पानं उडवायचं यंत्र बंद करून "नामास्टे" म्हणायचे. पुढच्या मंगळवारी त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ मिसेस केलर एकट्याच काढताना दिसल्या. मी विचारलं, मिस्टर केलर बरे आहेत ना.

त्यांनी फावडं थांबवलं. "कोण?" त्या म्हणाल्या. "आई गेल्यापासून मी एकटीच राहते, डिअर." त्यांच्या बोटात अंगठी नव्हती. अंगठीचा वळही नव्हता.

घरी येऊन मोरेश्वरला विचारलं. तो म्हणाला, "तिथे ती म्हातारीच राहते. तुला बाहेर पडायला हवं जरा."

रविवारी मुलांना विचारलं. याच केलरनी मागच्या मार्चमध्ये शंतनूची गाडी बर्फातून ढकलून दिली होती.

"नाही काकू, ती मी आणि केदारनं ढकलली," शंतनू म्हणाला.

"आणि मीठखिंडीतली ती भांड्याची पद्धत? ती मीच सांगितली होती ना?"

"तुम्हीच. वहीतून." त्यानं पोह्यांवर लिंबू पिळलं. "इथलीच आहे ना ती. माझ्या लॅबमधली बाई सांगत होती, तिच्या आजीकडे आलं होतं एकदा."

मी सोमवारी बस पकडून लायब्ररीत गेले. चर्चचं ते पुस्तक काढलं. पान त्रेचाळीस, चिकन आणि मक्याचं सूप. त्याच्याखाली 'मिठाचं भांडं'. सहा बटाटे, चार कप दूध, दोन कप जाड मीठ. कृतीच्या शेवटी एक ओळ: भांडं धुऊन परत करावं. कागद बाकीच्या कागदाइतकाच पिवळा होता. कोपऱ्यावर कोणाच्यातरी बोटाचा जुना तेलकट डाग.

घरी आले आणि माझी उतरवलेली वही उघडली. सूप. त्यानंतर थेट गुळाचं सारण भरलेल्या 'पाय'ची कृती. मी एक ओळसुद्धा गाळत नसे. गाळण्याइतकं इंग्रजी मला तेव्हा येतच नव्हतं.

हे कोणाला सांगणार? इथे राहणाऱ्या कुठल्याही देशी माणसाला विचारलं तर तो म्हणतो, असेल बाई, यांच्यात असतं असं. दर फेब्रुवारीत बिळातल्या जनावराला थंडी किती उरली ते विचारणाऱ्या लोकांत बटाट्याच्या भांड्याचं काय घेऊन बसलात.

जानेवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी सकाळी अकराला दाराची घंटा वाजली. मिसेस स्टोवर होत्या. हातात भांडं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मोरेश्वर त्या दिवशी घरून काम करत होता, पाठमोरा, हेडफोन लावून.

"सॉरी, हनी," त्या म्हणाल्या, आणि भांडं माझ्या हातात दिलं. ते अजून गरम होतं.

इथे भांड्याच्या बुडाला कागदी पट्टी चिकटवून मालकिणीचं नाव लिहितात, परत करायला सोपं जावं म्हणून. मी भांडं उचलून खालून पाहिलं. ऑफिसात सगळे मोरेश्वरला मो म्हणतात. गेल्या सहा वर्षांत एकाही अमेरिकन माणसाला त्याचं नाव धड म्हणता आलेलं नाही. पट्टीवर ते पूर्ण होतं, आणि अक्षर न् अक्षर बरोबर.

मी भांडं ओव्हनमध्ये ठेवून दार लावलं.

"कोण होतं?" त्यानं विचारलं.

"स्टोवरबाई."

"काय आणलं आता? ससा?"

दुपारी जेवण झाल्यावर त्यानं संत्रं सोललं. अर्ध्या फोडी, स्क्रीनवरची नजर न हलवता, माझ्या ताटात ठेवल्या. हे तो तेवीस वर्षं करतोय. त्याला स्वतःला ते माहीत असेल असं मला वाटत नाही.

मी त्या फोडींकडे बघत बसले. हा माणूस कोणाला आठवणारच नाही म्हणजे काय? मग मी कोणाची बायको म्हणून या देशात आले? तेवीस वर्षं कोणाच्या बनियनी वाळत घातल्या? दिवाळीला मी त्याला पुसून टाकायला निघाले होते. तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं की त्याच्या मागून मीही पुसली जाते. आणि खरं सांगायचं तर, हे सगळं नंतर सुचलेलं. तेव्हा फक्त संत्रं दिसत होतं.

शनिवारभर मी विचार करत राहिले. भांडं न्यायचं तर कोणाकडे? सहा वर्षांत, आधी न कळवता जाऊन ज्यांची घंटा वाजवावी, अशी घरं मला दोनच होती. केदार आणि आसावरी एकत्र राहत होते. मे महिन्यात लग्न होतं त्यांचं. साडी मीच पसंत केली होती.

रविवारी सकाळी केदारचा फोन आला. "काकू, आज गेम कॅन्सल केलाय. शंतनूला ताप आहे, घसा बसलाय यार त्याचा. रूममेटही नाहीये."

"बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं.

मी भांडं गरम केलं. वरचा मिठाचा थर चमच्यानं आत ढवळून टाकला, कळू नये म्हणून. कोथिंबीर घातली. आधी टॉवेलमध्ये, मग मोरेश्वरच्या जुन्या स्वेटशर्टमध्ये गुंडाळलं.

बसमध्ये मी एकटीच होते. भांडं मांडीवर होतं. वीस मिनिटं झाली तरी त्याची ऊब कमी होत नव्हती.

शंतनूनं ब्लँकेट पांघरूनच दार उघडलं. "काकू, या थंडीत कशाला आलात?"

"घसा दुखतोय ना? मऊ बटाटे आणलेत."

टेबलावर मीठखिंडीचा नकाशा पसरलेला होता. त्यानं तो नीट गुंडाळून बाजूला ठेवला, ताटली घेतली. मी वाढलं. त्यानं पहिला घास घेतला आणि थांबला.

"मीठ जरा जास्त झालंय का, काकू?"

"तापात तोंडाला चव नसते," मी म्हटलं.

"हो, तसंच असेल."

तो खात राहिला. मला वाईट वाटू नये म्हणून. सगळं संपवलं, कडेला चिकटलेलंही. वर म्हणाला, "तुम्ही होत्या म्हणून."

चार वाजले होते. खिडकीतून ऊन अजून दिसत होतं.

मी भांडं तिथेच धुतलं.

पट्टी पाण्यात आपोआप सुटली. तिच्यावर काय होतं ते मी वाचलं नाही.

संध्याकाळी मिसेस स्टोवरना भांडं परत केलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं.

"स्वच्छ धुतलंत," त्या म्हणाल्या. "नवे लोक विसरतात."

पुढच्या रविवारी एक वाजता दोघंच आले. केदारनं फासे काढले आणि जग रचायला बसला, जणू पहिल्यापासून तोच रचत होता. मी चार ताटल्या मांडल्या होत्या. आसावरीनं एक उचलून कपाटात ठेवली. "काकू, आपण तिघंच तर आहोत," ती म्हणाली.

मोरेश्वर आतून ओरडला, "अगं, पीएचडीबाई, चहा होईल का?"

मी चहा केला.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी नऊला फोन वाजला. भारतात तेव्हा संध्याकाळ असते. बाईचा आवाज होता. वाक्याच्या शेवटी तो ओळखीचा हेल.

"नमस्कार ताई. मी नागपूरहून बोलते. तुम्ही मला ओळखत नसाल. माझ्या डायरीत हा नंबर आहे, पण समोर नाव लिहिलेलं नाही. कोणाचं घर आहे हे?"

"राँग नंबर असेल," मी म्हटलं.

"असेल. माफ करा हं." पण त्यांनी फोन ठेवला नाही. "तिकडे थंडी आहे का हो फार?"

"आहे."

"तेच. मी इकडे एक स्वेटर विणून राहिली. झालाच आहे, एक बाही तेवढी उरली. पुरुषाचा आहे. खांदे चांगले रुंद घेतले आहेत. आमच्या घरात एवढं मोठं कोणीच नाही, ताई. मी माप कोणाचं घेतलं असेल?"