डोरोथेयाचा पाळणा

दुसऱ्याच्या लेकराला आपल्या मेलेल्या लेकराचं नाव ठेवायचं... ही कुठली रीत?

तेही न विचारता. घरात कुणी मोठं माणूस नाही असं बघून, चोरासारखं कानात सांगून. ती बाई म्हणे फार मोठ्या घराण्यातली. गढी होती, नोकरचाकर होते, गळ्यात मोत्यांचे सर होते. असतील. वळण नव्हतं.

मी लिहितेय ते खरं आहे. माझ्या मुलाच्या घरी, सिडनीत केलीव्हिलला, यंदाच्या थंडीत घडलं. रात्रीबेरात्री नाही. भर दुपारी, शेजारचा गोरा मशीनने गवत कापत असताना. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं. माझा यतिनही आधी हसलाच होता.

माझी सून मंजिरी. पुण्याची, कॉम्प्युटरमधली, हुशार पोरगी. मार्चमध्ये तिला मुलगी झाली. माझा व्हिसा अडकला होता, म्हणून बारसं लांबवलं. तिकडे सरकारात नाव लिहावंच लागतं, ते लिहिलं. ईशानी. पण आत्याने कानात सांगायचं राहिलं.

"आई आल्यावरच करू," मंजिरी म्हणाली. माझा मान राखायला म्हणाली, मला ठाऊक आहे.

कागदावर नाव होतं.

कानात नव्हतं.

पाळणा यतिनने आणला. हेल्गा नावाची एक जर्मन म्हातारी घर आवरून वृद्धाश्रमात चालली होती, तिच्याकडून. काळं लाकूड, वर नक्षी, उशाशी घराण्याचं चिन्ह. आपल्यासारखा टांगायचा नाही. खाली दोन वाकड्या पट्ट्या, जमिनीवरच डुलायचा. मला फोटो पाठवला. "आई, चारशे वर्षांचा आहे!"

"चारशे वर्षांत त्यात कोण कोण निजलं ते विचारलंस का?"

"आई, चिल."

चिल म्हणे.

पुढचं मंजिरीने मला सांगितलं तसं सांगते.

एका दुपारी ती ओट्यापाशी दुधाच्या बाटल्या उकळत होती. बाळ आतल्या खोलीत, पाळण्यात. त्या खोलीतला आवाज ऐकवणारा मॉनिटर ओट्यावर.

आधी लाकूड वाजलं.

कर्र... कर्र... कर्र...

पाळणा डुलत होता. तिला वाटलं, यतिन लवकर आला. पण यतिनची गाडी बाहेर नव्हती.

मग श्वास ऐकू आला. बाळाचा नव्हे. मोठ्या माणसाचा.

आणि कुणीतरी अगदी हळू, अगदी लाडाने म्हणालं...

"डोरोथेया."

बाटली ओट्यावरच सोडून मंजिरी धावली. खोलीत कुणी नव्हतं. पाळणा जागच्या जागी. बाळ टक्क जागं, कोपऱ्याकडे बघत होतं.

हसत होतं.

"शेजारच्यांचा सिग्नल पकडला असेल," यतिन संध्याकाळी म्हणाला. "होतं तसं."

"शेजारी डोरोथेया कोण आहे?"

"असेल कुणीतरी. तुझी झोप होत नाहीये, मंजू."

बाईला काही ऐकू आलं की तिची झोप झालेली नसते. पुरुषाला ऐकू आलं की मग ते खरं.

त्या दिवसापासून लेकराचं रडणं थांबलं.

ऐकणाऱ्याला वाटेल, बरं झालं की. पण दोन-अडीच महिन्यांचं पोर भुकेलाही रडत नाही म्हणजे काय? ओलं झालं तरी नाही. सुई टोचली तरी नाही. दूध पाजलं तर पिई, नाहीतर तसंच पडून राही. वजन वाढायचं थांबलं. मग उतरायला लागलं.

माझी मुलगी चिन्मयी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये असते. तिने ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं, कान तपासले. सगळं उत्तम. "वहिनी, रिपोर्ट क्लीन आहेत," म्हणाली, आणि पुन्हा बाळाच्या कानाशी चुटकी वाजवून बघायला लागली.

मंजिरी उशाशी बसून हाका मारायची. "ईशू... ए ईशानी... माझी सोनुली..."

मान वळत नसे. आईच्या आवाजाला पोर बघत नसे.

मग एकदा तिने, मनावर दगड ठेवून, हळूच म्हटलं...

"डोरोथेया?"

लेकराने गर्रकन मान वळवली.

मंजिरीने तोंडात पदर नाही, जॅकेटची बाही कोंबली. त्याच दुपारी तिने एकटीने पाळणा ओढत गॅरेजमध्ये नेला. बाळाला आपल्या पलंगावर घेतलं.

बाळाने दूध तोंडात धरलं नाही. थेंबभरही नाही. आणि पाळणा नसलेल्या त्या खोलीतून...

कर्र... कर्र... कर्र...

संध्याकाळी यतिन घरी आला तेव्हा दारातच उभा राहिला. त्यालाही ऐकू आलं. तो हसला नाही. मुकाट्याने गॅरेजमध्ये गेला आणि पाळणा परत आणून ठेवला. त्यात घातल्यावर पोर दूध प्यायलं.

दुसऱ्या दिवशी मंजिरीने हेल्गाला फोन केला.

"त्यात बाळ निजवलंत?" म्हातारी म्हणाली. "अगं डार्लिंग... आमच्या घरात कुणीच नाही निजवलं. माझी आई त्यात बटाटे ठेवायची."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्या नवऱ्याने विचारलं नाही. म्हणाला, नो वरीज, मस्त दिसतो."

मग हेल्गाने तिच्या खापरपणज्यांच्याही आधीची गोष्ट सांगितली. मार्गारेटा नावाची बाई. सोळाव्या वर्षी मोठ्या सरदाराच्या घरात लग्न करून आली. नवरा कायम लढाईवर. घरात सासूचं राज्य. कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेला, सुनेने मेणबत्ती मागितली तरी विचारून. सासूचं नाव डोरोथेया. तिने सांगून ठेवलं, पहिली नात माझ्या नावाची. झाली. वर्षाच्या आत गेली. दुसरी झाली, तिचंही नाव तेच. तीही गेली. तिकडे तेव्हा तशीच पद्धत होती म्हणे, गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला द्यायचं. अशा चार डोरोथेया त्या पाळण्यातून उचलल्या. मुलगे जगले, घराणं वाढलं. पण चौथीनंतर मार्गारेटा रिकामा पाळणा हलवत बसायची. मरेपर्यंत.

"सासू म्हणाली होती, नाव चालू राहिलं पाहिजे," हेल्गा म्हणाली. "बिचारी अजून चालू ठेवतेय."

बिचारी!

मी जूनमध्ये पोचले, तिकडे तेव्हा थंडी. विमानतळापासून घरापर्यंत मंजिरी रडत होती आणि यतिन गाडी चालवत होता. आल्याआल्या हातपाय धुतले आणि नातीला बघितलं. डोळे मोठे, गाल बसलेले. मी तोंडाजवळ तोंड नेलं तरी ती माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होती.

मी मागे वळून बघितलं नाही. कशाला बघायचं?

"रविवारी बारसं," म्हटलं. "ह्याच पाळण्यात."

"आई, प्लीज," मंजिरीने माझा हात धरला. "मला ती वस्तू घरात नकोय."

"मलाही नको. पण भांडण नावाचं आहे ना? ते पाळण्यातच मिटणार."

"नाव कानात सांगून काय होणारेय, आई?" यतिन म्हणाला.

"तिने सांगितल्यावर काय झालं, बघतोयस ना?"

तो उठून पाळणा पुसायला लागला.

रविवारी दुपारी चिन्मयी आली, शेजारच्या गल्लीतली सुनेत्रा आली. ओटीचं सामान, घुगऱ्या, सगळं केलं. बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्या घरात वरवंटा कुठला! मिक्सरवाली माणसं. यतिनने बागेतला गुळगुळीत गोटा धुऊन आणला. तो घातला, काढला, मग बाळाला ठेवलं.

चिन्मयी कानाशी वाकली.

आम्ही 'कुर्रर्र' करायला तयार. सुनेत्राने आत्याच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला.

चिन्मयी तशीच वाकलेली राहिली.

"बोल ना गं," सुनेत्रा म्हणाली. "नाव विसरलीस की काय, आत्याबाई?"

चिन्मयीने मान वर केली. तोंड पांढरंफटक.

"वहिनी... आत्ता माझ्याच कानात कुणीतरी..."

"काय?"

"मला नाव आठवत नाहीये. ते सोडून दुसरंच... डो..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. दात लागले माझ्या तळव्याला, तरी काढला नाही.

खोली गार पडली. हीटर चालू, तरी गार. आणि कुणाचाही हात नसताना पाळणा डुलायला लागला.

कर्र... कर्र...

मंजिरी बाळाला उचलायला झेपावली. बाळ उचलता येईना. तीन महिन्यांचं हलकं पोर... जणू पलीकडून कुणी धरून ठेवलंय.

मी पाळण्याच्या खालच्या पट्टीवर पाय दिला. डुलणं थांबलं, पण पायाखाली लाकूड थरथरत होतं, जनावरासारखं.

माझ्या आईची आधीची तीन लेकरं गेली. आमच्यात अशा वेळी सुंदर नाव ठेवत नाहीत. यमाला मोह पडू नये म्हणून दगडाधोंड्याचं ठेवतात. माझं नाव धोंडाबाई. शाळेत पोरी हसायच्या. मी सत्तरीला आले, हसणाऱ्या कित्येक गेल्या.

मी वाकले. नातीच्या कानाला तोंड लावलं.

"धोंडी," म्हटलं. "तू धोंडी आहेस. केलीव्हिलची धोंडी. तुझ्यात काही घेण्यासारखं नाही. कुणी न्यायला आलं तर सांग, मी धोंडा आहे, जड आहे."

क्षणभर काहीच झालं नाही.

मग माझ्या दुसऱ्या कानाशी, अगदी जवळ... कुणीतरी श्वास आत घेतला.

आणि माझी नात रडली.

असं रडली, असं रडली, की शेजारच्या गोऱ्याने मशीन बंद केलं. मंजिरीने तिला उचललं, ती अलगद आली. यतिन भिंतीला टेकून खाली बसला. तेवढ्यात सुनेत्राला आठवण झाली आणि तिने चिन्मयीच्या पाठीत धपाटा घातला. "कुर्रर्र!" हसावं की रडावं कळेना, आम्ही दोन्ही केलं.

आता उन्हाळा लागलाय. कागदावर ती ईशानी, घरात धोंडी. गुटगुटीत झालीय, रांगते, हाक मारली की बघते. पाळणा गॅरेजमध्ये आहे. यतिन म्हणत होता, कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीत टाकू. मी म्हटलं, नको. अशी बाई कुठे बसलीय ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

नाव आता ऐकू येत नाही. डुलणंही नाही.

पण धोंडी कधीकधी रांगत गॅरेजच्या दाराशी जाते. दाराला कान लावून बसते. मी उचलून आणते, पुन्हा जाते.

आणि गेल्या मंगळवारी दुपारी मीच ऐकलं.

दारापलीकडे बाईमाणूस रडत होतं. उशीत तोंड खुपसून रडावं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, तसं...

दोनदा कडी धरून सोडली, खोटं कशाला सांगू. पण दार उघडलं. आधी दिवा लावला. पाळण्यात कुणी नव्हतं. आवाज मात्र थांबला नाही. ती ऐकतेय की नाही, कुणास ठाऊक. तरी मी समोर उभी राहिले आणि मोठ्याने बोलले.

"रडायचं तर रड, बाई. पोटची चार गेली, तुझं रडणं खोटं नाही. पण तेच नाव नको म्हणायला चारही वेळा सासूसमोर तोंड उघडलं नाहीस. ते तोंड आता माझ्या नातीच्या कानाशी उघडतेस? जमणार नाही. ह्या घरातली सासू मी आहे."