उष्टावणाची वाटी

साहेब, भगवंत मोऱ्यांची झोप तुम्ही घेतलीत. नाही म्हणू नका. पाणीखात्यातल्या तुमच्या खुर्चीत आधी दुसरे कोणी होते, त्याआधी तिसरे, हे सगळं ठाऊक आहे. पण खुर्ची तीच. आणि त्याच खुर्चीनं दर दिवाळीला एका माणसाला सांगितलं, "मोरे, इस साल और देख लो, अगले साल दिन की ड्यूटी पक्की." ते पुढचं साल कधी उजाडलं नाही. रात्रपाळीला लागले तेव्हा मोऱ्यांना मिसरूड फुटत होतं, सुटले तेव्हा मिशी पांढरी झालेली. मधल्या सगळ्या रात्री त्यांनी बागलीच्या वाटेवरच्या पंपहाऊसवर काढल्या, मोटारीचा आवाज ऐकत, व्हॉल्व्हचं चाक फिरवत. सकाळी लोकांच्या नळाला पाणी यायचं. ते कोणाच्या जिवावर आलं, हे विचारायची कोणाला पडली होती.

आता पुढचं ऐका. फोन उलटा ठेवून ऐका.

मोऱ्यांची एकुलती मुलगी अल्पना. धारला दिलेली, तिथल्याच एका शाळेत केमिस्ट्री शिकवते. नवरा धीरज मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. मुलगी चिऊ, पहिलीत. आई गेल्यावर अल्पनानं बापाला देवासहून उचललं आणि धारला आणलं. घरात पाय ठेवल्या दिवशी मोऱ्यांनी एक खुर्ची ओढली, पुढच्या ओसरीत फाटकाकडे तोंड करून मांडली आणि बसले. बसले ते बसलेच.

"दादा, आडवे तरी व्हा," अल्पना म्हणाली.

"होतो की. रिलीवर आला की होतो."

तिला वाटलं, थट्टा. म्हाताऱ्याला तशी सवय होती. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग एका दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी सगळं सांगून टाकलं. नोकरीच्या शेवटच्या सकाळी त्यांची पाळी सोडवायला रिलीवर आलाच नव्हता. पंपहाऊस बंद होणार, नवीन यंत्र आपोआप चालणार, एवढं कानावर होतं. पण चार्ज घ्यायला माणूस यायला हवा की नको? उन्हं डोक्यावर येईस्तोवर ते चावी घेऊन बसून राहिले. शेवटी चौकीदारालाच दया आली. "भिया, अब यां कोई नी आवे. तम घरे जाव."

"गेलो मग घरी," मोरे म्हणाले. "पण चार्ज नाही ना दिला, अल्पू. जागा सोडून आलो मी."

अल्पना शास्त्र शिकलेली बाई. तिनं मनाशी हिशेब केला की शरीराचं घड्याळ उलटं पडलंय, ते सुलटं करता येतं. डॉक्टरच्या गोळ्यांनी दादा कोसळायचे, झोपायचे नाहीत. डोळे अर्धवट उघडेच. तिनं गोळ्या बंद केल्या आणि आईच्या, आजीच्या वेळचं सगळं काढलं. दुपारनंतर चहा बंद. संध्याकाळी मुंज तालाबच्या काठानं एक फेरी. रात्री दुधात उगाळलेलं जायफळ. खसखशीची खीर. टाळूवर ब्राह्मीचं तेल. दिवेलागणीनंतर टीव्ही नाही, मोबाईल नाही.

"दादांचा चहा गेला, टीव्ही गेला," धीरज म्हणाला. "आता जावयाचं काय काय जाणार, ते एकदाच बता दे, यार."

मोरे हसले. सगळं मुकाट्यानं घेतलं. खीर आवडली म्हणाले. आणि खुर्चीत जाऊन फाटकाकडे बघत बसले.

राहिला होता शेवटचा उपाय, काशाच्या वाटीचा. तळपायाला साजूक तूप लावायचं आणि काशाच्या वाटीच्या बुडानं चोळत राहायचं. अंगातली उष्णता तुपात उतरते, तूप काळं पडतं, माणूस झोपतो. अल्पनाच्या आईनं हे शंभरदा केलेलं तिनं पाहिलं होतं. तिनं बाजारातून वाटी आणली, ती कसली तरी भेसळीची निघाली. घासलं तर पितळेसारखी पिवळी. खरं कासं घरात एकच होतं. चिऊची वाटी.

ती वाटी अल्पनाच्या आईनं नातीच्या उष्टावणाला दिलेली. चिऊच्या तोंडी पहिला दूधभात गेला तो त्याच वाटीतून, आणि अजूनही रात्रीचा दूधभात तिला त्याच वाटीत लागायचा, दुसरं भांडं पुढं केलं तर जेवायची नाही. अल्पनाचा हात फळीपाशी क्षणभर थांबला. मग तिला स्वतःचंच हसू आलं. धातू तो धातू. राखेनं घासली की झालं.

चूक झाली ती इथं. पुढे कैकदा ती त्या फळीपुढे उभी राहिली, तो थांबलेला हात आठवत.

पहिल्याच संध्याकाळी तूप राखाडी झालं, मग काळं. चिऊ गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत होती. "आई, आजोबांमधून काय निघतंय?"

"काही निघत नाही गं. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घाम आणि तूप लागलं की काळं पडतं. विज्ञान आहे ते."

"मग माझ्या पायाला लावलं तरी पडेल?"

"पडेल."

मोरे पलंगावर उताणे होते. त्यांच्या पापण्या खाली आल्या. दिवा लावल्यापासून पानं मांडेपर्यंत ते झोपले, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. अल्पना दाराशी उभी राहून रडली. त्या आनंदातच तिनं वाटी घासली, आणि चिऊला दूधभात वाढला.

मग ते रोजचं झालं. आणि रोज तूप जरा जास्त काळं. आधी बोटाला लागायचं, मग चिंधीनं पुसावं लागायचं, मग चिंधीही कडक व्हायला लागली. त्याला वास होता. अल्पनानं चिंधी नाकाशी नेली. मोटारीचं ग्रीस, आणि ब्लीचिंग पावडर. ओला, थंड, पंपहाऊसचा वास. लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा दादांच्या सदऱ्याला यायचा तोच. तिनं चिंधी बंबात टाकली. माणसाच्या कातडीत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, निघत असेल, असं म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे, घरात तेव्हा कोणीच नव्हतं.

फळीवरची वाटी गुणगुणायला लागली. टिचकी मारल्यावर कासं नाद धरतं, तसा. पण टिचकी कोणी मारलेली नसायची. दूर कुठं तरी जडशी मोटार चालू असावी असा आवाज. अल्पनानं हात ठेवला की थांबायचा. धीरज म्हणाला, "फ्रिज असेल." तिनं फ्रिजचा प्लग काढून पाहिला, पुन्हा लावला आणि त्याला काही सांगितलं नाही.

मोऱ्यांच्या गालावर मांस चढलं. ते दुपारीही झोपू लागले. गल्लीतल्या बायका उपाय विचारायला आल्या.

आणि चिऊची दुपारची झोप गेली.

शाळेतून आली की आधी ती दप्तरासकट झोपायची. आता ओसरीच्या पायरीवर बसायची. दोन्ही हात छातीपुढे धरून काही तरी गोल गोल फिरवायची, जोर लावून, ओठ दाबून.

"काय करतेस गं?"

"बंद करतेय. उघडं राहिलं की टाकी वाहते."

आजोबांकडून ऐकलं असणार. पण मोऱ्यांनी चाक कसं फिरवतात हे पोरीला कधी दाखवलं होतं? अल्पनानं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

मग एका पहाटे धीरज म्हणाला, "अल्पना, ये सोती नहीं है. मी उठलो तर गादीवर बसलेली. काल पण. आँखें एकदम खुली."

"शाळेत झोपून घेत असेल."

"तू शाळेत पूछा क्या?"

"विचारते."

तिनं विचारलं होतं. आदल्याच आठवड्यात. बाईंनी सांगितलं होतं की चिऊ वर्गात कधी जांभईसुद्धा देत नाही. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, साहेब. बापाला झोप लागत होती ना. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस झोपत होता, आणि मुलीला ते मोडवत नव्हतं.

राजाबाई, मोऱ्यांची थोरली बहीण, भावाला बघायला देवासहून आल्या. भावाचे गाल पाहून खूश झाल्या. संध्याकाळी अल्पना तूप घेऊन बसली तशा जवळ सरकल्या.

"ही वाटी कुठली गं?"

"चिऊची आहे, आत्या. आईनं दिली होती ना."

"उष्टावणाची?"

अल्पनानं तुपात बोटं बुडवली.

"ज्यातून पोरीच्या तोंडी पहिला घास गेला, ते बापाच्या पायाला लावलंस? आणि परत त्यातच जेवू घालतेस तिला?"

"धुते ना रोज."

"धुते म्हणे. शिकलेल्या ना तुम्ही." राजाबाई उठल्या. दारात बसलेल्या चिऊकडे त्यांनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "आजपासून बंद कर हे. माझं एवढं ऐक."

अल्पनानं ऐकलं. वाटी कागदात गुंडाळून कपाटावर टाकली. चिऊ त्या रात्री जेवली नाही, पण पहाटे थोडी झोपली. पुढच्या पहाटे जास्त.

आणि मोरे खुर्चीत परतले. डोळे तसेच, फाटकाकडे. आता तर आणखी वाईट, कारण झोप काय असते ते त्यांना कळलं होतं. राजाबाई देवासला गेल्या त्या दिवशी त्यांनी मुलीचा हात धरला. त्या माणसानं कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, तुमच्याकडेसुद्धा हात जोडून नाही.

"अल्पू, आज पाय नाही चोळणार?"

तिनं ओसरीतल्या चिऊकडे पाहिलं. मग बापाकडे.

"एकदाच हं, दादा."

ते एकदाच तिला आता रोज ऐकू येतं.

संध्याकाळ होती. बाहेर पोरांचं क्रिकेट चाललेलं, कोणी तरी शेवेच्या कढईत झारा आपटत होतं. तूप हाताला लागताच काळं झालं. अल्पना चोळत राहिली. वाटी तिच्या तळहातात थरथरत होती.

चिऊ आत आली. पलंगापाशी उभी राहिली. तळहात पुढे केला.

"आजोबा, चावी."

मोऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला, मूठ बाहेर आली. मुठीत काही नव्हतं. ती त्यांनी नातीच्या तळहातावर रिकामी केली.

चिऊनं बोटं मिटली.

"जा तुम्ही आता," ती म्हणाली. "मी आहे."

मोरे हुंदका देऊन झोपले. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा उठले.

चिऊ त्या दिवसापासून झोपली नाही.

अल्पनानं तिचे तळवे चोळले. त्याच वाटीनं, हात भरून येईस्तोवर. तूप पांढरंच राहिलं.

मग तिनं स्वतः त्या वाटीत दूधभात कालवला. घास घास करून संपवला. सकाळपर्यंत डोळे ताणून बसली, आणि पहाटे तिलाच डुलकी लागली.

उठली तर चिऊ खुर्चीत. फाटकाकडे तोंड. पाय जमिनीला पोचत नव्हते.

"मला दे ना चावी, बाळा."

"असं नाही चालत, आई. वरून ऑर्डर लागते."

मोऱ्यांनीही मागितली. तिच्यापुढे गुडघ्यावर बसून मागितली. चिऊनं त्यांच्या पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला. "तुम्ही रिटायर झालात, आजोबा."

म्हणून अल्पना तुमच्याकडे आली. आठवतंय? निळी साडी, हातात पर्स घट्ट धरलेली. तिनं काही वेड्यासारखं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की भगवंत मोऱ्यांच्या जागेवर कोणाला तरी पाठवल्याचं दोन ओळीत लिहून द्या. तुम्ही हसलात. म्हणालात, "मॅडम, वो पद ही समाप्त हो गया. जहाँ कोई है ही नहीं, वहाँ रिलीवर किसको भेजूँ?" आणि तिच्यासाठी चहा मागवलात. तिनं तो घेतला नाही.

मोरे आता रोज झोपतात. भिंतीकडे तोंड करून. ओसरी दिसू नये म्हणून.

गल्लीत मात्र तुमचं नाव निघालंय. धारचा नळ कधी वेळेवर आला नव्हता. आता अंधार फिटायच्या आधी येतो, एकदम जोरात, एक दिवस खाडा नाही. शेजारीण परवा हंडा भरता भरता म्हणाली, "इस बार कोई अच्छा आदमी बैठाया है ऊपर." ओसरीत चिऊनं दोन्ही हात छातीपुढे धरले, जोर लावून गोल फिरवले, आणि शेजारणीच्या हंड्यात पडणारी धार बंद झाली.

जागा रिकामी नाहीये, साहेब. तिच्यावर माणूस बसलाय. पहिलीतला.

तिचा रिलीवर कधी पाठवताय? उत्तर द्या.