वळणावळणाने आलेलं उत्तर

"सापडलं," खंड्या म्हणाला.

"मग सांग ना!"

"सांगण्यासारखं काही नाही, केतकीताई."

सकाळपासून हेच! खंड्या हा आमच्या चंद्रवस्तीतला म्हातारा यंत्रमानव. त्याची मान तापली होती, माझे डोळे चुरचुरत होते. शाल्मलीआत्याची गाडी बाहेर बंद पडली होती. ती कुठल्याशा गुहेत थांबली होती, पण तिचा संदेश आला तो नुसता पानभर अक्षरांचा भुगा होऊन. त्यात 'गुहा' हा शब्द शोधायचा, त्याच्यापुढेच गुहेचा आकडा असणार. तिचा प्राणवायू जेमतेम रात्रीच्या जेवणापर्यंत पुरणार होता.

माझा पहिला प्रोग्राम लांबलचक होता. खंड्या त्यात धापा टाकायचा. म्हणून मी जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत नवं फंक्शन (नेमून दिलेलं एक काम) लिहिलं. स्ट्रिंग (अक्षरांची माळ) शोधायच्या शब्दापेक्षा लहान उरली, तर 'नाही' सांगून थांबायचं. माळ 'गुहा'नेच सुरू होत असेल, तर तीच उत्तर. नाहीतर पहिलं अक्षर गाळायचं आणि उरलेली माळ पुन्हा स्वतःलाच शोधायला द्यायची. याला म्हणतात रिकर्शन (कामाने स्वतःलाच बोलावणं). काय देखणं दिसत होतं! फक्त चालत नव्हतं.

"चहा उरलाय का रे?" बचावगाडीचे दिनूकाका दारातून बोगद्यात ओरडले. बोगद्यात रेडिओ पोचत नाही, म्हणून प्रत्येक वळणावर एक माणूस असतो. प्रश्न वळणावळणाने स्वयंपाकघरापर्यंत गेला. उत्तर मात्र येईना.

काका कंटाळून पहिल्या वळणावर गेले. "काय रे सुधन्वा, झोपलास? उत्तर आलं का?"

"केव्हाच आलं. आहे चहा."

"अरे मग मला कोण सांगणार? तुझा आजोबा?"

मी टुणकन उडालेच! माझं फंक्शनही सुधन्वाच होतं. उरलेली माळ पुढे द्यायचं, आलेलं उत्तर ऐकायचं आणि गप्प बसायचं! त्या शेवटच्या ओळीत मी 'रिटर्न' (उत्तर मागे पाठव) लिहिलंच नव्हतं. एवढा एकच शब्द घातला.

"गुहा सात," खंड्या म्हणाला.

काका चहा न घेताच पळाले.

मग नुसती वाट पाहणं. मी भिंतीला टेकले. "खंड्या, उद्या वस्तीतले सगळे जुने प्रोग्राम मी असेच सुटसुटीत करणार."

"आधी झोप, ताई."

तेवढ्यात बोगद्यात खूप लांब कुणीतरी ओरडलं. मग जरा जवळून. मग आणखी जवळून. आणि शेवटी सुधन्वा, अगदी घसा फाडून:

"आत्या आली! ठणठणीत आहे! विचारतेय, चहा उरलाय का?"