चार घरांची गल्ली

आमच्या सफाक्स बंदरात उन्हाळ्यात कचेऱ्या दुपारी बंद होतात आणि माझ्यासारख्या एकट्या बाईला मग घर खायला उठतं. म्हणून मी नेटवर्कच्या वर्गात नाव घातलं. चाळिशी उलटल्यावर हे काय खूळ, असं ऑफिसात सगळे म्हणाले. म्हणोत बापडे. मला आकडे आवडतात, ते कुणाची समजूत घालत बसत नाहीत.

आमचे मास्तर सी मोंजी, म्हणजे मोंजीराव. कानामागे सिगारेट, जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर घरांची ओळ काढली.

"नेटवर्क म्हणजे गल्ली. मशीन म्हणजे बिऱ्हाड, आयपी म्हणजे त्याचा पत्ता. पण पहिलं घर गल्लीच्या नावाला राखलेलं आणि शेवटचं दवंडीला. तिथं कुणी राहायचं नाही. मग चार घरांच्या गल्लीत बिऱ्हाडं किती? विदाद, तू सांग."

"दोन."

"आणि सोळा घरांच्या?"

"चौदा."

गल्ली केवढी, ते मास्क नावाचा आकडा ठरवतो. पत्त्याच्या शेपटाला तीस लिहिलं की चार घरं, अठ्ठावीस लिहिलं की सोळा. नवशिके इथंच चुकतात, असं ते पुन्हा पुन्हा बजावायचे.

घरच्या माणसांपुरती लहानात लहान गल्ली आखून आणा, असा अभ्यास दिला होता. माझी चार घरांची गल्ली बघून त्यांनी भुवया चढवल्या. "तू एकटी राहतेस ना?"

"दोघं आहोत. धाकटा भाऊ बाहेर गेलाय."

त्यांनी कागद परत दिला. आमच्या गावात कुणी बाहेर गेलाय म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

साबेर मागच्या वर्षी समुद्रावरून गेला, त्याला धरून चौदाजणांच्या नावेतून. पलीकडे पोचल्याचा फोन नाही की कुणाचं प्रेत नाही. शेजारच्या खालती मबरूकाचा, म्हणजे मबरूका मावशीचा, मुलगा हेदी त्याच नावेत होता. तिनं त्याच्या नावानं कुराण वाचून घेतलं, लोकांना जेवू घातलं. ईदला आमच्याकडे खारा मासा आणि कांदा-मनुकांचा शरमूला लागतोच, पण यंदा तिनं नुसता शरमूला आणून दिला. मासा का नाही, हे तीही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

"तूही करून टाक गं," ती म्हणाली. "पोराचा जीव अडकलेला राहतो."

"तो नाही म्हणून मला कुणीतरी सांगू दे, मग करते."

आहे किंवा नाही, यातला एक शब्द मला हवा होता. बाकी काही मागणं नव्हतं.

वर्गातून आणलेला जुना लॅपटॉप आणि एक स्विच, म्हणजे मशीनं एकमेकांना जोडायची भोकांची पेटी, मी साबेरच्या खोलीत मांडली. राहण्याजोगा पहिला पत्ता मला, दुसरा साबेरला. स्विचमध्ये वायर एकच, माझ्या लॅपटॉपची. बाकी भोकं रिकामी. समोरच्या पत्त्याला हाक मारायची एक आज्ञा असते, पिंग. तिकडून ओ येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मारली.

तिसऱ्या हाकेला ओ आली.

मी वायफाय बंद केलं. वायर उलटसुलट करून पाहिली. ओ येत राहिली. तिच्यासोबत एक आकडा होता, एकेचाळीस. निघताना हा आकडा चौसष्ट असतो आणि वाटेत गल्ली ओलांडायचं फाटक लागेल तसा एकेकानं घटतो.

वर्गात सांगितलं तर सी मोंजी खो खो हसले. "तेवीस फाटकं? अगं, गल्लीतल्या गल्लीत फाटक येतंच कुठून? इंटरनेटची वायर खुपसली असशील. पुसून परत मांड."

मी पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर हाक मारली तर सेहेचाळीस. मग पन्नास. मध्ये दोन दिवस आकडा हललाच नाही, तेव्हा मी रात्रभर हाका मारत राहिले. मग छप्पन्न. स्विचच्या रिकाम्या भोकांपाशी पांढरं काही साचलं होतं. बोटाला लावून चाखलं, मीठ. मिठागरांच्या गावात मिठाचं कसलं नवल, असं म्हणून पुसून काढलं.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. वर्षभरानं मी बाजारातून दोघांपुरत्या मिरच्या आणल्या, त्याच्या गादीला ऊन दाखवलं.

त्रेसष्ट. एकच फाटक उरलं.

त्या दुपारी लॅपटॉप मध्येच अडकला. बंद करून चालू केला तर मांडणी सगळी पुसली गेलेली. मी घाईघाईनं सगळं परत लिहिलं. पत्ता घातला, मास्क घातला, हाक मारली.

चौसष्ट.

मध्ये फाटक नाही. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाकी काही नाही. "साबेर," मी म्हणाले. तेवढंच सुचलं.

गल्लीत कोण कोण आहे, ते दाखवायचीही एक आज्ञा असते. साबेरचं एक नाव बघावं म्हणून दिली.

एक ओळ आली. तिच्याखाली दुसरी. मग तिसरी. ओळी येतच राहिल्या, सगळ्यांपुढे चौसष्ट.

मी मास्क पाहिला. तीसच्या जागी अठ्ठावीस लिहिलं होतं.

तेरा ओळी होत्या. चौदावी मी.

एक आकडा सुधारला की बारा बाहेर आणि माझा साबेर आत. बोट त्या आकड्यावर नेलं. तेवढ्यात मधल्या भिंतीपलीकडून खालती मबरूकानं हाक मारली.

"विदाद! पाहुणे आलेत वाटतं गं? किती दिवसांनी गजबज ऐकली. चहाचे पेले देऊ का?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्या आवाजात मात्र वर्षभरानं हसू होतं. मी बोट उचललं.

"किती देऊ?"

पडद्यावर कोपऱ्यात एक सूचना उघडली. तुमचा पत्ता दुसऱ्या कुणी घेतला आहे.

"चौदा," मी म्हणाले.

"तुझा धरून ना?"

मी लॅपटॉपची वायर काढून हातात धरली. स्विचवरचे दिवे लुकलुकतच होते.

"नाही, खालती."